तोंडाची टकळी

मुलांनो, इंग्रजी शब्दकोशात ‘यार्न’ हा शब्द काढून बघा. पहिला अर्थ मिळेल, सूत. आणि त्याच्याच खाली दुसरा अर्थ असेल, लांबलचक, मीठमसाला लावून सांगितलेली गोष्ट! इंग्रजीत ‘सूत कातणं’ म्हणजे अशा गोष्टी रंगवून सांगणं. आता सुताचा आणि गोष्टीचा काय बरं संबंध?

हा वाक्प्रचार खलाशांचा. शिडाच्या जहाजांवर दोरखंडच दोरखंड असायचे. दोरखंडातल्या एकेका पेडात पुष्कळ धागे असतात, त्या धाग्याला म्हणायचं यार्न. जुने दोर उसवायचे, धागे सुटे करायचे, पुन्हा पिळायचे. काम तासन्‌तास चालायचं. हात गुंतलेले, पण तोंड मोकळं! मग वादळांच्या, दूरच्या बंदरांच्या गोष्टी निघायच्या. त्यातूनच हा वाक्प्रचार आला, असं मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो छापलेला सापडतो.

आमच्या सेवाग्रामला तर सुताचं भारी कौतुक. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. आश्रमात सूतकताई हा रोजचा नेम होता. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिच्यातून ‘नई तालीम’ पुढे आली. हातानं काम करता करता शिकायचं, ही तिची रीत. मुलं टकळीवर सूत कातायची आणि त्यातूनच मोजमाप, हिशेब शिकायची.

टकळी म्हणजे हातानं फिरवायची छोटी चाती. आता गंमत बघा. कुणी सारखं बोलत सुटलं की आई काय म्हणते? “काय गं, तोंडाची टकळी थांबव जरा!” म्हणजे इंग्रज खलाशांना जे सुचलं, तेच आपल्याही माणसांना सुचलं. कुणी कुणाचं ऐकून नव्हे हं, आपापलं काम करता करता! जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हणही त्याच घरची.

शाळेत मात्र एक हुकूम ठरलेला, ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ म्हणजे हातही बंद आणि तोंडही बंद. कधीकधी त्याची गरज पडते, हे मी शिक्षक म्हणून सांगते. पण एरवी हात कामात असले की मन शांत होतं, आठवणी वर येतात, आणि ऐकणाराही उठून पळत नाही!

म्हणून पालकांनाही एक सांगणं. तुरीच्या शेंगा सोलायला, भाजी निवडायला मुलांना जवळ बसवा. “जा, अभ्यास कर” म्हणून उठवू नका. आणि मुलांनो, तुम्ही आजीला एवढंच विचारा, “आजी, तू लहान असताना गं?” मग बघा, शेंगा कधी संपल्या ते कळणारसुद्धा नाही.