तळकाडूची वाळू

म्हैसूरला बदली होऊन आम्हांस सहा वर्षे झाली. शहर देखणे, हवा सुखाची, माणसे मऊ बोलणारी. तक्रारीस जागाच नाही. उणे काय ते समुद्राचे. आम्ही गुहागरचे. मागील दारचे बेडे उघडले की सुरूचे बन, आणि बन ओलांडले की मैलोगणती मोकळी वाळू, अशा घरात आम्ही वाढलो.

गेल्या पावसाळ्यानंतर आईला इकडे आणले आणि त्या घरास कुलूप लागले. तिने कुरकुर केली नाही. मात्र दिवेलागणीला सज्जात बसून ती विचारी, "इथनं समुद्र किती लांब रे?" मंगळूर अडीचशे किलोमीटर, हे सांगणे आमच्या जिवावर येई. शेवटी एकदा म्हणालो, "चल, तुला वाळू दाखवतो."

तळकाडू म्हैसूरहून सुमारे ४५ किलोमीटर. कपिला जेथे कावेरीस मिळते, त्या टी. नरसीपुरावरून वाट जाते. मधल्या वारी गेलो, म्हणून गर्दी नव्हती. नदीने घेतलेले विस्तीर्ण वळण, पांढरी वाळू, गुडघाभर नितळ पाणी, आणि काठाशी टोपलीसारख्या दोन गोल नावा. आईने ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावले. "गोड आहे," ती म्हणाली; पण मीठ विसरलेली आमटी चाखावी, तशा सुरात.

मागे वाळूच्या टेकड्या आणि त्यांत रुतलेली देवळे. गंग राजांची ही एके काळची राजधानी. चोळांवरील विजयानंतर होयसळ विष्णुवर्धनाने १११७ साली येथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. १६१० मध्ये राजा वडेयर यांनी श्रीरंगपट्टण घेतले, तेव्हा तेथील विजयनगरच्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिने कावेरीत उडी टाकताना तळकाडूची वाळू होवो असा शाप दिला, अशी लोककथा आहे. अभ्यासक मात्र चौदाव्या शतकातील माधवमंत्री बंधाऱ्याकडे बोट दाखवतात: पाणी अडले, पात्र उघडे पडले, आणि वाऱ्याने तेथील वाळू गावात आणून टाकली.

हे सारे आम्ही आईस मोठ्या उत्साहाने सांगत होतो. "देवाचं नाव काय म्हणालास?" तिने विचारले. "वैद्येश्वर." "आपला व्याडेश्वर," ती पुटपुटली आणि तिने हात जोडले. मग काठीवर रेलून म्हणाली, "इथल्या माणसांनी घरं सोडली, ती वाळू आत शिरली म्हणून. आपल्या घरात तर काहीच शिरलं नव्हतं रे."

आम्हांपाशी उत्तर नव्हते.

वाचकांपैकी बहुतेकांना रजा-प्रवास-सवलतीचे नियम मुखोद्गत असतील. आमच्या सेवापुस्तकात स्वग्राम म्हणून गुहागरच नोंदलेले आहे. परंतु स्वग्रामी जाण्याची ती सवलत बदलून अंदमानास जाता येते, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता राधानगरचा किनारा पाहून आलो. निळे पाणी, शुभ्र वाळू, कोठे गलबला नाही. 'असा निर्मळ किनारा जन्मात पाहिला नाही,' असे तेथून आईस दूरध्वनीवर सांगितले. ती तेव्हा गुहागरच्या ओटीवर एकटी बसली होती. "हो का?" एवढेच म्हणाली.

परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. रात्री आम्ही रजेचा अर्ज लिहावयास घेतला. आठ दिवस, कारण: स्वग्रामी जाणे. अर्ज मंजूर होईतो आईस काही सांगावयाचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरविले. कितीदा तिला आशा लावून वरिष्ठांच्या एका शेऱ्यासरशी माघार घेतली होती! सौभाग्यवतीने सहज वाटावे अशा बेताने विचारले, "आई, गुहागरच्या घराची किल्ली कुठं ठेवली आहे हो? सापडत नाही."

आईने उशीखालचा बटवा काढला. सुपारीच्या खांडांबरोबर किल्ली त्यातच होती, आणि तिला नुकतेच तेल लावलेले होते.