न सुटणारी गाठ

आमची नात चार दिवस पिंपळगावला राहून गेली. ती घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे वर्षभर इंटर्नशिप, मग नीट-पीजी. आणि तिला सर्जरीच हवी! एम.एस. म्हणजे आणखी ३ वर्षं, ड्युटीला रात्र नाही की दिवस नाही.

माझा विरोध. म्हटलं, "फिजिशियन हो. आपल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बघ. औषधोपचारानेच त्यांनी विंचूदंशाचे किती रोगी वाचवले! २०२२ साली पद्मश्री मिळाली." ती नुसती हसली.

सकाळी पुस्तकं. ते मला कळतं: २०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. पण दुपारी बाहेर मिरचीच्या गाड्यांचा गोंगाट चालू असताना ही पलंगाच्या पायाला आजीच्या शिलाईचा दोरा अडकवून गाठी मारत बसायची. आधी उजव्या हाताने, मग डाव्या.

"हे परीक्षेत येतं का गं?"

"नाही आबा."

"मग?"

तिने दोरा माझ्या हातात दिला. मी मारलेली गाठ ओढली, तशी ती सरकली. म्हणाली, "तुम्ही दोन्ही फेरे एकाच दिशेने घेतलेत. दुसरा उलटा घ्यायचा. रक्तवाहिनीवरची गाठ अशी सरकली, तर पोट शिवल्यावर आत रक्तस्राव होतो."

मी गप्प. ३४ वर्षं मराठी शिकवलं. जानेवारी उजाडला की वर्गात सांगायचो, "हे परीक्षेत येत नाही, सोडून द्या." एकदा एक मुलगी म्हणाली होती, "सर, ती शेवटची कविता राहिली." तिला मी खाली बसवलं होतं.

आणि खरं सांगू? नातीला विरोध केला तो काळजीपोटी, असं मी स्वतःला समजावत होतो. मनात मात्र हेच होतं की मुलीच्या जातीला हे झेपेल का.

निघताना म्हणाली, "आबा, मार्क कमी पडले तर सर्जरी मिळणार नाही, ते मला माहीत आहे. पण मिळाली, तर हात तयार हवेत."

"घे सर्जरी," असं मी तिला अजून म्हटलेलं नाही. आज रात्री जेवणं झाली की फोन करणार आहे.