मनीचे मूत्रपिंड

मांजराइतका मानी रुग्ण दुसरा नसेल. दुखणे लपविणे हा त्याचा कुलधर्मच. आमची चौदा वर्षांची मनी वारंवार पाणी पिऊ लागली, तेव्हा पशुवैद्यांनी तिचे रक्त तपासले. क्रिएटिनिन मर्यादेतच होते. तरी त्यांचे समाधान होईना. क्रिएटिनिन स्नायूंतून उपजते, आणि म्हातारपणी मनीचे स्नायूच झिजलेले. शिवाय मूत्रपिंडांची सुमारे ७५ टक्के शक्ती लोपेपर्यंत ते सहसा मर्यादा ओलांडत नाही. म्हणून त्यांनी ‘एसडीएमए’ नामक द्रव्य मोजले. ते स्नायूंच्या भरण्यावर अवलंबून नसते; सरासरी ४० टक्के शक्ती घटली की वाढलेले दिसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजरांमध्ये ते क्रिएटिनिनच्या सरासरी १७ महिने आधी वाढल्याचे आढळले. मनीच्या रक्तात ते चढलेले निघाले. पुन्हा तपासले, तरी तेच.

झिजलेले मूत्रपिंड काही परत घडत नाही. मग हे आधी कळून काय लाभ, असे वाचक विचारतील. लाभ एवढाच, की कमी स्फुरदाचे अन्न, मुबलक पाणी आणि थोडा अवधी आपल्या हाती राहतो. मनी त्या अन्नाकडे पाहून मिशा फेंदारते, आणि तिची मनधरणी करण्यात आमची सकाळ सरते. अशा सकाळी अजून पुष्कळ याव्यात, एवढेच आमचे मागणे.