बोलका डबा

किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी, गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांना टेकून तो दिवसभर बसलेला असतो. पुढे जाळी, पोटात स्वतःचं सिमकार्ड, अंगावर क्यूआरचा चौकोन. 'चाळीस रुपये प्राप्त झाले,' असं खणखणीत आवाजात सांगून मोकळा होतो. गर्दीच्या वेळी मोबाइल काढून मेसेज पाहायला शेठला सवड नसते; पैसे आल्याची खात्री हाच देतो. खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणाऱ्यांना खरा आळा घातला तो यानेच, म्हणून शेठचा याच्यावर जीव.

त्याला रक्कम कळते, कारण कळत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "दोन हजार पाठवते, तेवढी रोख द्या ना." डबा दोन हजार जाहीर करतो. भाच्याने उसने परत केले, तेही त्याच सुरात. साठ रुपयांच्या साबणासाठी कुणी शंभर पाठवून चाळीस सुटे परत घेतले, तरी डब्याच्या लेखी शंभरच. बँकेच्या पासबुकातही हेच उतरतं. वर्षअखेरीला खात्यातली सगळी जमा म्हणजे विक्री नव्हे, आणि विक्री म्हणजे नफा तर नव्हेच. हा फरक वहीत लिहिलेला असेल तरच दाखवता येतो.

जुलै 2025 मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. धास्तीने बंगळुरूत कित्येकांनी क्यूआर उतरवले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. त्यांची भीती मला समजते, पण तो उपाय मात्र पटत नाही. कर विक्रीवर असतो, पैसे कोणत्या वाटेने आले यावर नाही. आपल्या महाराष्ट्रात निव्वळ मालाच्या व्यापाराला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांची आहे; ती मोजताना रोख आणि ऑनलाइन दोन्ही धरावे लागतात. डबा काढून टाकला म्हणून विक्री कमी होत नाही.

आयकराने तर या डब्याची बाजूच घेतली आहे. छोट्या व्यापाऱ्यासाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, 1961च्या कायद्यातलं कलम 44एडी. त्यात रोख विक्रीवर किमान 8 टक्के नफा धरतात. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर 2017च्या दुरुस्तीपासून फक्त 6 टक्के. समजा वर्षाची विक्री 30 लाख, त्यातली 22 लाख क्यूआरवर आणि 8 लाख रोख. मग उत्पन्न 1,32,000 अधिक 64,000, म्हणजे 1,96,000. सगळी विक्री रोखीत असती तर हाच आकडा 2,40,000 झाला असता. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, हे विसरू नये. मार्चची उधारी गिऱ्हाइकाने मे महिन्यात क्यूआरवर चुकती केली, तरी रिटर्नच्या मुदतीआधी आली असल्याने तिला 6 टक्क्यांचाच दर. आयटीआर-4, म्हणजे 'सुगम' फॉर्ममध्ये ऑनलाइन आणि रोख विक्रीचे रकाने वेगवेगळे आहेत. सगळी रक्कम एकाच रकान्यात ढकलणारा स्वतःचंच नुकसान करून घेतो, नाहीतर चुकीची माहिती तरी देतो.

दुकानदारांनो, या डब्याला घाबरू नका. दुकानाचा क्यूआर दुकानाच्याच खात्याला जोडा, घरचे व्यवहार दुसऱ्या खात्यावर न्या. रात्री शटर ओढण्याआधी, डब्याने पुकारलेल्या पण विक्री नसलेल्या रकमा कारणासह वहीत लिहून ठेवा. आणि रिटर्न भरताना सीएला नुसतं पासबुक देऊ नका, ही वहीसुद्धा द्या.