माझी आवडती मालिका

माझी आवडती मालिका 'रात्रीस खेळ चाले'. ती २०१६ साली सुरू झाली, तेव्हा माझा जन्मही नव्हता. पुढे २०१९ व २०२१ मध्ये आणखी दोन भाग आले. गोष्ट आपल्या कुडाळ तालुक्यातील आकेरी गावातली. मी आजीबरोबर मोबाईलवर बघते. सर्वांना अण्णा नाईक आवडतात, मला मात्र पांडू आवडतो. तो आमच्या घरच्यासारखा मालवणी बोलतो. मुंबईची मावसभावंडे आमच्या बोलण्याला हसायची. आता तीच विचारतात, "हे मालवणीत कसे म्हणायचे?" मग मी ऐटीत शिकवते.

भुताची म्हणाल तर मला भीती वाटत नाही. आजोबांच्या जुन्या 'चांदोबा'तला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ जास्त भयंकर आहे. आजी तर हसतेच. म्हणते, "गो, भुतां अशी पावडर लावन येनत नाय!"