‘अन्’ आणि ‘डिस्’

इंग्रजी भाषेंतील नकार आम्हांस विद्यार्थिदशेपासून छळीत आला आहे. होकाराचें तसें नाहीं. शब्द एकदां पाठ केला कीं तो आपला झाला. पण त्याच्या डोक्यावर ‘अन्’ बसवावा, ‘इन्’ बसवावा कीं ‘डिस्’ बसवावा, असा प्रश्न आला म्हणजे आमची पंचाईत होई. आमचे मास्तर सांगत कीं, याला नियम नाहीं, कानाला विचारावें. आमच्या कानाला अशा गोष्टी विचारण्याइतकी इंग्रजीची संवय कधींच नव्हती. त्यामुळें घरच्या वाटणीच्या कामांत एकदां जो घोंटाळा झाला, तो आज वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

गोष्ट चाळीसएक वर्षांपूर्वींची. आमचें वडिलोपार्जित घर वाईस. घरामागें पडवी, पडवीमागें विहीर, आणि गांवाबाहेर एक लहानशी आमराई, एवढीच काय ती मिळकत. वडील गांवींच शाळेंत संस्कृत शिकवीत. धाकटे काका नोकरीनिमित्त मद्रासेस स्थायिक झालेले. आजी गेल्यावर वर्षश्राद्ध होईपर्यंत कोणीं वाटणीचा शब्द काढिला नाहीं. पुढें मात्र पत्रें येऊं-जाऊं लागलीं, आणि मायन्यांतील ‘तीर्थस्वरूप’ तेवढें जागच्या जागीं राहून मजकुरांतील ओलावा आटत चालला. शेवटीं कोर्टांत जावयाचें नाहीं, पंच नेमावा, एवढ्या एका गोष्टीवर दोघां भावांचें एकमत झालें. वडिलांनीं आपल्या मामांचें नांव सुचविलें. हे आमचे मामाआजोबा दिवाणी न्यायाधीशाच्या जागेवरून निवृत्त होऊन बेळगांवीं राहत असत.

काकांच्या वकिलांस मराठी येत नसल्यामुळें पत्र इंग्रजींत जाणें प्राप्त होतें, आणि तें काम कॉलेजांत नुकत्याच जाऊं लागलेल्या चिरंजीवांकडे, म्हणजे आमच्याकडे, आलें. वडील म्हणाले, “मामांचा यांत कांहींएक स्वार्थ नाहीं, असें स्वच्छ लिही.” आम्हीं स्वच्छ लिहिलें कीं, मामा हे या प्रकरणीं सर्वथा ‘अन्इंटरेस्टेड’ गृहस्थ आहेत. पत्राची एक प्रत शिष्टाचार म्हणून बेळगांवीं धाडली.

आठ-दहा दिवसांत दोन उत्तरें आलीं. मद्रासच्या वकिलांनीं विचारलें होतें कीं, ज्या गृहस्थांस या कामांत मुळींच रस नाहीं, त्यांच्यापुढें कागद ठेवून उपयोग काय? वाटणी लांबणीवर टाकण्याची ही युक्ति आहे, असा संशयहि त्यांनीं सभ्य शब्दांत व्यक्त केला होता. दुसरें उत्तर म्हणजे मामाआजोबांचें पोस्टकार्ड. त्यांत आम्हांस अनेक आशीर्वाद देऊन पुढें लिहिलें होतें: “बहिणीच्या घराचें काय होतें याची आम्हांस फिकीर नाहीं, हें तुझ्या पत्रावरून कळलें. आजवर ठाऊक नव्हतें.”

कोश उघडला तेव्हां आमचा चेहरा उतरला. ज्याचें मन एखाद्या गोष्टींत लागत नाहीं तो ‘अन्इंटरेस्टेड’. आणि ज्याचा हितसंबंध तींत गुंतलेला नाहीं तो ‘डिस्इंटरेस्टेड’. पहिला कंटाळलेला, दुसरा निःपक्षपाती. लॅटिनांतील ‘डिस्’चा मूळ भाव ‘वेगळा, दूर’ असा आहे. आम्हांस म्हणावयाचें होतें कीं मामा स्वार्थापासून दूर आहेत, आणि आम्ही म्हणून बसलों कीं त्यांस पर्वाच नाहीं!

वडील रागावले नाहींत, आणि याचेंच आम्हांस अधिक वाईट वाटलें. त्यांनीं दोन्ही शब्दांचे अर्थ शांतपणें ऐकून घेतले व म्हणाले, “म्हणजे आमचा ‘उदासीन’च झाला कीं हा!” त्यांचें म्हणणें त्या वेळीं आम्हांस नीटसें उमगलें नाहीं. आतां उमगतें. ‘उदासीन’ म्हणजे फोड करून पाहतां बाजूस बसलेला. गीतेच्या बाराव्या अध्यायांत भक्ताच्या लक्षणांत हा शब्द येतो तो गौरवानें. सहाव्या अध्यायांत तो ‘मध्यस्थ’ या शब्दाच्या शेजारीं बसलेला आढळतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर ‘उदासीन’ हा सर्वांहून बलिष्ठ असा राजा आहे. भांडणाबाहेर राहूनहि दोहों पक्षांस मदत वा निग्रह करण्यास तो समर्थ असतो. आणि मराठींत आज कोणी उदासीन आहे असें म्हटलें कीं घरांतील बायका विचारतात, “कां बरें, प्रकृति बरी नाहीं का?” बाजूस बसणारा हळूहळू तोंड पाडून बसणारा झाला. इंग्रजींतहि तोच खेळ झालेला आहे. सतराव्या शतकांत ‘डिस्इंटरेस्टेड’ हा शब्द रस नसलेला या अर्थीं, आणि ‘अन्इंटरेस्टेड’ हा निःपक्षपाती या अर्थीं वापरलेला सांपडतो. पुढें दोघांनीं घरें बदललीं. हल्लीं ‘डिस्इंटरेस्टेड’ पुन्हां जुन्या घराकडे निघाला असून कित्येक कोश दोन्ही अर्थ देतात. आमचा भाचा म्हणतो, मग तुमची चूक ती काय? चूक होती, असें आमचें मत आहे. कारण शब्दाचें घर कोठेंहि असो, पत्र ज्याच्या हातीं पडावयाचें त्याला तें कोणत्या घरीं सांपडेल, हें लिहिणाऱ्यानें पाहिलें पाहिजे.

त्या प्रसंगापासून आम्हांस या नकारांचें वेडच लागलें. इंग्रजीचा ‘अन्’, लॅटिनचा ‘इन्’, ग्रीकांचा ‘अ’ आणि आपला ‘अ’ अथवा ‘अन्’ हीं सर्व एकाच कुळांतील भावंडें आहेत. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या एका मूळाची गोष्ट काढली, तिचा पुरावा एवढ्याशा उपसर्गांत मिळतो. आपलें ‘अज्ञात’, ग्रीकांचें ‘अग्नोटोस’, लॅटिनचें ‘इग्नोटस’ आणि इंग्रजांचें ‘अन्नोन’ हे चार शब्द शेजारीं ठेवून पाहावेत. धातूहि एक आणि नकारहि एक! भेद पडला तो पुढें, इंग्रजीनें आपल्या घरचा ‘अन्’ ठेवून लॅटिन व ग्रीक पाहुण्यांनाहि कायमचें ठेवून घेतलें म्हणून. एका नकाराच्या जागीं चार झाल्यावर प्रत्येकानें निराळें काम पत्करलें. आपल्या वैयाकरणांनीं मात्र तीं सर्व कामें एकट्या ‘नञ्’वर टाकून त्याचे सहा अर्थ सांगितले आहेत. त्यांतील विरोधाचा अर्थ ‘अधर्म’ या शब्दांत स्पष्ट दिसतो. पण आमचा आवडता अर्थ अल्पत्वाचा: ‘अनुदरा कन्या’ म्हणजे पोट नसलेली मुलगी नव्हे, तर बारीक कमरेची!

या सहा अर्थांची संवय असलेल्या आमच्या वडिलांस ‘इम्मॉरल’ आणि ‘ए-मॉरल’ यांतील भेद एका क्षणांत समजला. त्यांनींच त्याला उदाहरणहि दिलें: शिंक्यावरचें दूध पिणारें मांजर ‘ए-मॉरल’, आणि स्वतः दूध पिऊन मांजराचें नांव सांगणारा ‘इम्मॉरल’. (या वेळीं त्यांनीं आमच्याकडे कां पाहिलें तें सांगण्याचें कारण नाहीं.) ‘अन्सॅटिस्फाइड’ आणि ‘डिस्सॅटिस्फाइड’ यांची ओळख आम्हांस लग्नाच्या पंगतींत पटली. ज्याचें पोट भरलें नाहीं त्याची भूक पहिल्या प्रकारची. विहीणबाई जिलबीचे चार वेढे घेऊन तृप्त झाल्या आणि तरी मानपानावरून रुसल्या, तर तो दुसरा प्रकार. पहिल्यावर वाढपी उपाय करूं शकतो.

कांहीं ठिकाणीं मात्र नकार नसतांना नकाराचा भास होतो, आणि तेथें केवळ फजिती होऊन भागत नाहीं. पेट्रोल वाहून नेणाऱ्या मोटारींच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असें लिहिलेलें असतें. येथील ‘इन्’ नकाराचा नव्हे. पेटणें या अर्थाच्या लॅटिन क्रियापदांतला तो आहे. तथापि न पेटणारें असें समजून कोणी विडी शिलगावील, या भीतीनें विसाव्या शतकांत अमेरिकेंतील आगनिवारणाचें काम करणाऱ्यांनीं ‘फ्लेमेबल’ हें आंखूड रूप पुढें आणलें. आपल्याकडेहि ‘अमोल’ आणि हिंदींतला ‘अनमोल’ हे एकच. एका नकारानें झालें नाहीं तें दोहोंनींहि बदललें नाहीं.

असो. तिकडे आमच्या चुकीची दुरुस्ती सोपी नव्हती. खुलाशाचीं पत्रें, त्यांवर वकिलांचे प्रश्न, पुन्हां खुलासे, यांत तीन महिने गेले आणि पावसाळा लागला. वादांतील मिळकतीस हात कोणीं लावावयाचा, म्हणून मागच्या पडवीची शाकारणी झाली नाहीं. आषाढांतल्या एका रात्रीं पडवीची भिंत बसली, आणि आजीची चूल व जातें तिच्याखालीं गेलें. सकाळीं आई तेथें पुष्कळ वेळ उभी होती. आम्हांस कोणी एक अक्षर बोललें नाहीं.

श्रावणांत मामाआजोबा आले. त्यांनीं प्रथम काय केलें, तर एक पत्र लिहून दोघां भावांकडे दिलें. आपल्या मुलीच्या लग्नांत मोठ्या भाच्यानें पैसे उसने दिले होते. ते फिटले, पण उपकार फिटला नाहीं. धाकट्यानें आपल्या मुलास मद्रासेस दोन वर्षें घरीं ठेवून घेतलें. हें समजूनहि मी चालत असेन तर बसतों, असा मजकूर. तार करून काकांनीं होकार दिला. मग चार दिवस त्या म्हाताऱ्यानें सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून देवघरांतील पळीपंचपात्रापर्यंत सर्व पाहिलें, आमराईंतील झाडें स्वतः मोजलीं, आणि पडलेल्या भिंतीपाशीं उकिडवें बसून जात्याची तळी उकरून काढविली. ज्यास आम्हीं ‘अन्इंटरेस्टेड’ म्हटलें होतें त्यास रात्रीं झोंपहि लागत नसे, असें आई म्हणे.

निकालांत आमराई वडिलांकडे आली आणि विहीर काकांकडे गेली. विहीर वडिलांनीं स्वखर्चानें बांधून काढिली होती. तो खर्च पै न पै परत द्यावा असें मामाआजोबांनीं लिहिलें. व्याज मात्र लाविलें नाहीं. जातें ज्याला हवें त्यानें मागावें, असें शेवटीं होतें.

वडील निकाल वाचून विहिरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं रहाटाची दोरी सोडून, गुंडाळी करून, काकांच्या वांट्याच्या खोलींत नेऊन ठेवली आणि आम्हांस काकांना पत्र लिहावयास सांगितलें, मराठींत. उत्तरहि मराठींत आलें, वकिलांवांचून. दोरी जुनी झाली आहे, नवी मी येतांना आणतों, तोंवर तीच लावून पाणी भरीत जावें, आणि जातें वहिनींकडेच असूं द्यावें, एवढेंच त्यांत होतें.