सर्वनामाची जागा

आषाढातील तापाने नांदगावच्या घरी माडीवर पडून असताना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, जिच्या बोटाला धरून महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या इंग्रजीत शिरल्या, मी पुन्हा चाळू लागलो, आणि एरवी ज्याकडे लक्षही गेले नसते असा एक विचार मनात घर करून बसला.

आपल्याकडे ‘तो’चे आधी ‘त्याच्या’ होते, मग ‘कडे’, ‘वर’, ‘साठी’ ही शब्दयोगी अव्यये त्याला येऊन जडतात, आणि क्रियापद बहुधा सर्वांच्या अखेरीस येते. इंग्रजीत ते कर्माच्या आधीच हजर होते. ‘पुट ऑफ’, म्हणजे लांबणीवर टाकणे, यात ‘द मीटिंग’ हे कर्म ‘ऑफ’च्या आधीही चालते, नंतरही चालते, ‘इट’ला मात्र ती मुभा नाही, त्याने ‘पुट’ आणि ‘ऑफ’ यांच्या मध्येच बसावे असा दंडक आहे. मग ‘लुक आफ्टर हर’मध्ये सर्वनाम शेवटी का, असे पेज घेऊन आलेल्या भाचीने विचारले. तेथे ‘आफ्टर’ला स्वतःचे कर्म हवे असते, ‘ऑफ’ला नसते, एवढे मी सांगितले, तिचे समाधान झाले की नाही, कोण जाणे.

मला स्वतःला मात्र ‘इट’ची ती मधली जागा फार आवडते. आघातहीन, इवलासा शब्द. भाषेने त्याला उघड्यावर न ठेवता दोहोंच्या आड घेतले. आणि ‘मला ताप आला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तापच कर्ता असतो, मी नव्हे. हेही मला यथार्थ वाटते.